सातारा सुसाट सात-दोनने हरला

सातारा सुसाट हा संघ इचलकरंजी धोटे या संघाकडून इचलकरंजीत सात-दोन असा हरला, आणि बेसबॉल लीगचा नियमित हंगाम संपला.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. लीगने ते सामन्याच्या चौथ्या इनिंगमध्येच प्रसिद्ध करून टाकलं होतं. सोबत फोटो होता: सातारचा कॅचर दिगंबर खैरमोडे मान खाली घालून मैदानाबाहेर चाललाय, मागे सूर्य मावळतोय. खरा दिगंबर तेव्हा दुपारच्या उन्हात होम प्लेटमागे उकिडवा बसून पाठ खाजवत होता. फोटोही होरा नावाच्या भाकीत करणाऱ्या यंत्रानेच दिलेला होता, म्हणजे काढलेला नव्हता, अंदाजाने बांधलेला होता. त्यात दिगूचं पोट जरा कमी दाखवलं होतं, तेवढं एक सोडलं तर त्याला त्यात आवडण्यासारखं काही नव्हतं.

बेसबॉल आपल्याकडे कसा आला हे आता कुणाला नीट आठवत नाही. क्रिकेट दाखवण्याचे हक्क इतके महाग झाले की शेवटी क्रिकेट फक्त क्रिकेटच्या मालकांनाच बघता यायला लागलं. लोकांना संध्याकाळी शिव्या घालायला काहीतरी लागतंच. तेव्हा बॅट आणि चेंडू असलेला हा दुसरा खेळ आला. पिचर चेंडू फेकतो, बॅटर होम प्लेट नावाच्या पाटीपाशी उभा राहून तो मारतो, तीन बेस गाठून पुन्हा तिथेच आला की एक रन होतो, आणि बॅटरच्या मागे जाळीचा मुखवटा घालून जो बसलेला असतो आणि चुकलेलं सगळं ज्याच्या अंगावर येतं, तो कॅचर. घरातही असा एक जण असतोच, त्यामुळे लोकांना खेळ पटकन समजला.

होरा नंतर आला.

होऱ्याची कल्पना साधी होती. स्नायू हलायच्या आधी त्याला मेंदूकडून विजेचा निरोप येतो. निरोप पोहोचणं आणि स्नायू प्रत्यक्ष आखडणं यांच्यात पापणी लवायलाही पुरणार नाही एवढी फट असते, पण असते. होम प्लेटखाली पुरलेलं रडार त्या फटीत डोकावून खेळाडूच्या अंगातला ताण वाचायचं. मग होरा त्यात त्या खेळाडूचा आजवरचा प्रत्येक चेंडू मिसळायचा आणि उरलेला सामना लाखो वेळा आतल्या आत खेळून बघायचा. बेसबॉल याला फार सोयीचा. फुटबॉलसारखा तो वाहत नाही. एक चेंडू, एक निकाल, थांबा, पुन्हा एक चेंडू, असा दाणा दाणा सुटा असतो. तिसऱ्या-चौथ्या इनिंगपर्यंत लाखो सामन्यांपैकी जवळपास सगळे एकाच निकालावर येऊन बसायचे. मग लीग निकाल जाहीर करायची, आणि उरलेला सामना केवळ आकडेवारी पूर्ण व्हावी म्हणून खेळला जायचा.

होऱ्याचं दुसरं अपत्य म्हणजे बदली-अंक. संघातून एक माणूस काढायचा, त्याच्या जागी बाजारात सहज मिळणारा एक ‘सरासरी बदली’ माणूस ठेवायचा आणि सगळा हंगाम पुन्हा खेळवून बघायचा. संघ आधीपेक्षा कमी सामने जिंकला, तर तेवढी तुमची किंमत. जास्त जिंकला, तर तुम्ही वजा.

दिगू वजा शून्य दशांश एक होता.

होरा बनवणारा सौमित्र देवस्थळी हा एके काळी दिगूचाच पिचर होता. दहा वर्षं सौमित्रने फेकलं आणि दहा वर्षं दिगूने झेललं. सौमित्रच्या हातात वेग होता, पण दिशेशी त्याचे संबंध कायम बिघडलेले. त्याचा चेंडू प्लेटच्या आधीच मातीत आपटून उसळायचा, आणि दिगू दाणकन गुडघ्यांवर पडून तो छातीने अडवायचा. आता बेसबॉलच्या आकडेवारीत गंमत अशी आहे की कॅचरला चुकवून जो चेंडू मागे जातो, त्याची नोंद पिचरच्या नावावर होते. जो अडवला जातो, त्याची नोंदच होत नाही. तो चेंडू झालाच नाही. अशा न झालेल्या चेंडूंनी दिगूचे दोन्ही गुडघे खलास केले आणि सौमित्रची आकडेवारी चकाचक ठेवली. ती आकडेवारी दाखवून सौमित्रला परदेशात शिष्यवृत्ती मिळाली, आणि परत येऊन त्याने होरा बनवला.

“अडवलेले चेंडू तुझ्या यंत्रात कुठे दिसत नाहीत,” दिगूने त्याला एकदा फोनवर विचारलं होतं.

“त्याला रकाना नाही रे,” सौमित्र म्हणाला होता.

“रकाने कोण पाडतं?”

“मीच. पण तो नाहीये.”

त्या दिवसापासून दिगूने मनात एक रकाना पाडला आणि त्यात एकच नाव लिहिलं.

मैदानावरचं तेवढं ठीक होतं. पण होऱ्याची घरगुती आवृत्ती निघाली आणि खेळाडूंना ती फुकट मिळाली. दिगूची बायको चारुशीला दूध संघात दुधाची चव तपासायची. जिभेवर थेंब ठेवून म्हैस कुठल्या गावची ते सांगायची, त्यामुळे तिला फसवणं अवघड आणि खूश करणं त्याहून अवघड. तिने एका रविवारी गंमत म्हणून यंत्राला विचारलं. यंत्राने सांगितलं की दिगूच्या जागी सरासरी बदली नवरा असता, तर आठवड्याला एक संध्याकाळ आणि वर थोडी, एवढी जास्त शांतता मिळाली असती.

चारू हसली. दिगूही हसला. तिथे विषय संपायला हवा होता. पण तो सरासरी बदली नवरा घरातून गेलाच नाही.

“त्याने टॉवेल वाळत घातला असता,” चारू ओल्या टॉवेलकडे बघत म्हणायची.

“कोणी?”

“त्याने.”

त्याने जेवताना फोन बाजूला ठेवला असता. त्याने पाहुण्यांसमोर सामन्यांची आकडेवारी सांगितली नसती. त्याने गुडघे दुखतात म्हणून रात्री भिंतीकडे तोंड करून, न बोलता झोप घेतली नसती. दिगूला त्याचा इतका राग यायला लागला की एकदा त्याने भाजी आणताना मुद्दाम त्याच्या वाट्याची कोथिंबीर आणली नाही.

हंगामाचा शेवटचा महिना लागला तेव्हा चारू बॅग भरून कराडला बहिणीकडे निघाली.

“भांडण नाहीये,” ती चपला घालत म्हणाली. “पण सीझन चालू असताना तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. सीझन संपू दे. तोवर मीही विचार करते. संपला की माझं काय ठरलं ते सांगते.”

“आत्ताच सांग की.”

“संपल्यावर म्हटलं ना? म्हणजे संपल्यावर.”

चारू शब्दाची पक्की होती. त्यावरूनच दिगूने तिच्याशी लग्न केलं होतं, आणि त्यावरूनच आता त्याची झोप उडाली होती.

शेवटचा सामना तळातल्या दोन संघांचा. सातारा सुसाट विरुद्ध इचलकरंजी धोटे. मागावर सूत नेणाऱ्या धोट्यासारखे हे लोक कायम इकडून तिकडे पळत आणि तळालाच राहत. या सामन्याने कुणाचं काही ठरणार नव्हतं. तरीही सकाळी सौमित्र स्वतः मैदानावर आलेला. पांढरा सदरा, पांढरे बूट.

“दिग्या!” त्याने मिठी मारली. “गुडघे कसे आहेत?”

“तुझेच आहेत. विचारून सांगतो.”

सौमित्र मनापासून हसला. तो वाईट माणूस नव्हता, हेच त्याच्याबद्दल सगळ्यात संतापजनक होतं. “नाराज होऊ नकोस, पण तुला सोडताहेत. सामना संपला की हंगाम संपला, हंगाम संपला की तुमचे करार संपले. दोन्ही संघांतले बहुतेक सगळेच जाताहेत.”

“होऱ्याने सांगितलं?”

“फेब्रुवारीतच. तुला वाईट वाटू नये म्हणून मी बोललो नाही.”

“तरीच फेब्रुवारीपासून बरं वाटत होतं.”

“ऐक ना, तुझ्यासाठी काम आहे. आजचा सामना संपला की हंगाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो. दाखला जोडला की मोठा करार. होरा घरोघरी, सक्तीने. जावई, सून, शिक्षक, डॉक्टर, सरपंच, सगळ्यांना बदली-अंक. त्याच्या जाहिरातीला चेहरा पाहिजे. सरासरी बदली माणसाचा चेहरा.”

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“अरे, तो तूच आहेस!”

दिगू हातातला मुखवटा पुसायला लागला.

“कुठलाही अंक काढायचा तर शून्य कुठे आहे ते आधी ठरवावं लागतं,” सौमित्र उत्साहाने सांगायला लागला. “आठवतं, अकादमीत आपण एका खोलीत होतो, तेव्हा माझ्या प्रबंधासाठी तू वर्षभर अंगाला सेन्सर लावून फिरलास? झोप, राग, धीर, सगळं. एवढी संपूर्ण माहिती माझ्याकडे दुसऱ्या कुणाचीच नव्हती. मी तेच शून्य धरलं. सरासरी बदली माणूस म्हणजे चोवीस वर्षांचा दिगंबर खैरमोडे. सगळा महाराष्ट्र तुझ्याशी तोलला जातोय!”

“मग मी वजा कसा?”

“ते गुडघ्यांमुळे,” सौमित्र म्हणाला. “आताच्या तुझ्यापेक्षा तेव्हाचा तू किंचित बरा होतास.”

अकादमीतल्या खोलीत दोघांचे टॉवेल दिगूच वाळत घालायचा. हे त्याला तेव्हा आठवलं.

“म्हणजे माझ्या घरात जो नवरा मला पुरून उरलाय...”

“तांत्रिकदृष्ट्या तूच.”

काही लोकांचा राग गॅसच्या भडक्यासारखा असतो. दिगूचा राग कुकरसारखा होता. बाहेरून काहीच दिसत नाही, आत डाळ शिजत असते. या माणसाचे चेंडू अडवून त्याचे गुडघे गेले. त्या गुडघ्यांआधीचा दिगू या माणसाने उचलून बाटलीत भरून ठेवला. आणि तोच बाटलीतला दिगू आता त्याच्या बायकोसमोर आणून उभा केला. आणि वर चेहरा मागतोय.

“विचार करून सांगतो,” दिगू म्हणाला आणि मुखवटा चढवला.

आधी त्याला वाटलं, सामना जिंकावा. होरा चुकेल. पण सौमित्रने बोलता बोलता सांगितलंच होतं की शंभरात एक-दोन चुका करारात आधीच धरलेल्या आहेत. चुकलं तर सौमित्र सुधारणार, आणि सुधारल्याबद्दल त्याला आणखी एक पुरस्कार मिळणार. हरलं तर होरा बरोबर. दोन्हीकडून दाखला सौमित्रच्या खिशात. दिगू उकिडवा बसून विचार करत राहिला. चौथ्या इनिंगमध्ये फलकावर सात-दोनचा निकाल आणि त्याचा मान खाली घातलेला फोटो झळकला. आणि बॅटिंगला इचलकरंजीचा कप्तान जमीर मुजावर आला.

मैदानावर कॅचर हा एकच माणूस असा, जो समोरच्या संघातल्या प्रत्येकाला एकेकटा भेटतो. तोंडावर जाळी असल्यामुळे तो काय बोलतो ते कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि होरा स्नायू वाचायचा, गप्पा नाही.

“जमीरभाई, तुम्हाला पण काढताहेत म्हणे,” दिगू जाळीतून म्हणाला.

“सामना संपला की,” जमीर पिचरकडे बघत म्हणाला. “धाकट्या मेव्हण्याने आत्तापासून विचारायला सुरुवात केलीय, मी वजा किती.”

“आणि नाही संपला तर?”

“काय?”

“सामना. बेसबॉलमध्ये बरोबरी नसते. बरोबरी झाली की पुढची इनिंग. ती बरोबरीत गेली की त्याच्या पुढची. वेळेची मर्यादा नाही. हंगाम संपेपर्यंत कुणाला काढता येत नाही.”

जमीरने चेंडू सोडून दिला. “अंधार पडल्यावर?”

“उद्या सकाळी तिथूनच पुढे.”

“लीग नियम बदलंल की राव.”

“हंगाम चालू असताना नियम बदलता येत नाहीत. तसा नियम आहे.”

या दोघांच्या मागे, हातभर अंतरावर, अंपायर कुमुदिनी पेंढारकर उभ्या होत्या. अंपायर तिथेच उभा असतो. पुढच्या हंगामापासून त्यांच्या जागीही होरा येणार होता.

“मला काही ऐकू येत नाहीये,” कोणी विचारलं नसताना पेंढारकर बाई म्हणाल्या. मग घसा साफ करून पुढे म्हणाल्या, “पण नियम बरोबर सांगितलाय.”

त्यानंतर बॅटिंगला येणाऱ्या प्रत्येक इचलकरंजीकराला दिगूने दोन-दोन वाक्यांत ही गोष्ट सांगितली. धोट्यांचे सात झाले आणि थांबले. सातारचे दोन होते, ते हळूहळू वर सरकायला लागले. मुद्दाम हरणाऱ्या संघाचे स्नायू सैल पडतात, ते ओळखून होऱ्यात फितुरीची घंटा वाजते. पण ती दोन्ही संघांची तुलना करून वाजते, आणि इथे दोन्ही संघ सारखेच सैल. तेव्हा होऱ्याने निष्कर्ष काढला की खेळाडूच सुमार आहेत. हा तसा त्याचा आधीपासूनचाच लाडका निष्कर्ष होता. घंटा वाजली नाही. नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगच्या शेवटी सात-सात झाले आणि पेंढारकर बाईंनी गंभीरपणे पुढची इनिंग पुकारली.

होऱ्याने लगेच जाहीर केलं: सामना पुढच्याच इनिंगमध्ये संपेल.

संपला नाही. होऱ्याने त्यापुढची इनिंग सांगितली. लाखो वेळा खेळलेल्या त्या आतल्या सामन्यांत प्रत्येक खेळाडूला काही ना काही हवं असायचं: विजय, नाव, निदान लवकर घरी जाणं. अठरा माणसांना मिळून काहीच घडू द्यायचं नाहीये, असा एकही सामना त्यात नव्हता. त्याला रकाना नव्हता.

दुसरा दिवस उजाडला, तिसरा उजाडला. आठवडा गेला. इनिंग दाखवायच्या फलकावर दोनच आकड्यांची जागा होती, त्यामुळे शंभराव्या इनिंगला पुन्हा शून्य आलं आणि सगळ्यांना तरुण झाल्यासारखं वाटलं. जमीरच्या घरून दोन्ही संघांसाठी डबे यायला लागले. बाकीच्या महाराष्ट्रात पुढच्या हंगामाची तिकिटं विकता येईनात, कारण हा संपलेला नव्हता. दाखला अडला. करार अडला.

एका दुपारी सौमित्र खाली आला. पांढऱ्या बुटांवर इचलकरंजीची माती होती.

“दिग्या, जिंक,” तो म्हणाला. “प्लीज. जिंक आणि मला खोटं पाड. मी चुकलो असं लिहून देतो.”

“जिंकलो तर तू चुकशील. चुकलास तर सुधारशील.”

“मग हर!”

“हरलो तर तू बरोबर.”

“मग तुला पाहिजे तरी काय?”

“काहीच नाही. तेच तर चाललंय.”

सौमित्र मातीतच बसला. होम प्लेटवरची माती त्याने तळहाताने पुसली. “रकाना पाडतो,” तो हळूच म्हणाला. “अडवलेल्या चेंडूंचा. दहा वर्षांचे सगळे मोजतो. माझी सगळी आकडेवारी उलटी होईल, तरी करतो. तू शून्याच्या वर जाशील. बराच वर.”

हेच ऐकण्यासाठी दिगूने फोन केला होता, कितीतरी वर्षांपूर्वी. त्याने कान देऊन बघितलं की आत काही होतंय का. झालं. छान वाटलं. पण डाळ कधीच शिजून करपून गेली होती.

“उद्या सकाळी आठला ये,” तो म्हणाला. “आम्ही असतो.”

त्या संध्याकाळी चारूचा फोन आला.

“संपला का सीझन?”

“नाही.”

“कधी संपणार?”

“होरा म्हणतो, पुढच्या इनिंगमध्ये.” मग दिगूने तिला सांगून टाकलं. तो दुसरा नवरा कोण होता ते, खोली, टॉवेल, सेन्सर, सगळं.

“मला माहीत होतं,” चारू म्हणाली.

“सौम्याने सांगितलं?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे? चव ओळखते मी. लग्न झालं तेव्हा तू टॉवेल तसाच घालायचास, काठाला काठ जुळवून. तुला काय वाटलं, मी कुणा परक्याची आठवण काढत होते?”

“मग काय ठरलंय तुझं?”

“ठरलंय. कधीच ठरलंय.”

“काय?”

“संपल्यावर सांगते म्हटलं होतं. संपव आणि ऐक.”

“चारू, एवढं एकदा...”

“शब्द म्हणजे शब्द, दिगंबर,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात, सातारची बॅटिंग आटोपल्यावर, कोणी न ठरवता, जमीर तिसऱ्या बेसवर जाऊन पोहोचला. चुकून पोहोचला, सातारच्या दोन खेळाडूंची टक्कर झाली. आता एक चेंडू जरी दिगूला चुकवून मागे गेला, तरी जमीर होम प्लेटवर पोहोचणार, इचलकरंजी आठ-सात जिंकणार आणि सगळं संपणार. सौमित्रला दाखला. महाराष्ट्राला होरा. दिगूला चारूचं उत्तर. कुंपणापाशी सौमित्र जाळीला बोटं अडकवून उभा होता.

“भावा,” तिसऱ्या बेसवरून जमीर ओरडला, “तुझं तू बघ! आम्ही काय, कुठंबी जाऊ!”

पिचरचा चेंडू हातातून सुटला तेव्हाच तो वाकडा आहे हे दिगूला कळलं. मातीत आपटणार, उजवीकडे उसळणार. अगदी सौम्याचा चेंडू. काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. सोडून द्यायचा, कराडची बस पकडायची, टॉवेल काठाला काठ जुळवून घालायचा.

दिगूने कुंपणाकडे बघितलं. सौमित्रने डोळे मिटून घेतले होते, आणि त्याचे ओठ हलत होते: सोड, सोड, सोड.

दिगू दाणकन गुडघ्यांवर पडला. चेंडू छातीवर आदळून त्याच्यासमोर मातीत थांबला. जमीर तिसऱ्या बेसवर परत गेला. पेंढारकर बाईंनी खाली वाकून विचारलं, “उठता येतंय का?”

“बाई,” दिगू तसाच पडून म्हणाला, “हा मोजला का?”

“याला रकाना नाही हो,” त्या म्हणाल्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत, गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून, त्याने लीगला पुढील अर्ज पाठवला.

प्रति,
मा. सचिव, नियमित हंगाम विभाग, बेसबॉल लीग

विषय: चालू हंगाम अंशतः समाप्त झाल्याचे घोषित करणेबाबत.

महोदय,

वरील विषयी विनंती की, इचलकरंजी येथे सुरू असलेला सामना माझी पत्नी सौ. चारुशीला दिगंबर खैरमोडे (सध्या मुक्काम कराड) यांच्यापुरता संपला आहे असे मानण्यात यावे व तसा दाखला त्यांना त्वरित पोहोचता करण्यात यावा. मात्र श्री. सौमित्र देवस्थळी यांच्यापुरता सदर सामना पूर्वीप्रमाणेच सुरू असल्याचे मानण्यात यावे. दोन्ही बाबी एकाच वेळी अमलात आणण्यास सध्याच्या नियमांत तरतूद नसल्यास, तशी तरतूद हंगाम संपल्यानंतर करण्यात येऊन ती आजपासून लागू समजण्यात यावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
दि. खैरमोडे
कॅचर